कोपरखैरण्यात झॉम्बी शिरतात तेव्हा: क्वीअर भयकथा कोणत्या क्रमाने लिहावी

ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या लेखकांच्या झॉम्बीकथा अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. ज्यांत दोन मुलगे किंवा दोन बायका एकमेकांवर प्रेम करतात, त्या बहुतेक एकाच जागी अडखळतात. लेखकाने आधी झॉम्बी ठरवलेले असतात, मग पळापळ, आणि सगळ्यात शेवटी नायकाच्या मैत्रिणीचं नाव खोडून तिथे मित्राचं नाव लिहिलेलं असतं. बाकी कथा जशीच्या तशी. ती ना धड क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा माणसांची) होते, ना कोणाला तिची भीती वाटते.

क्रम उलटा हवा. आधी माणसांची लपवाछपवी, मग रोग, मग नकाशा, मग घड्याळ. झॉम्बी हा दुसऱ्या टप्प्यावरचा विषय आहे.

लागणारं सामान थोडं आहे: एक वही, दोन रंगांची पेनं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि पायी हिंडायला एक अख्खा रविवार. समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरते. कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत वैशाली आणि मनाली भाड्याने राहतात. वैशाली एपीएमसीच्या (वाशीच्या घाऊक बाजाराच्या) कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळ्यावर हिशेब लिहिते, मनाली नर्स आहे. खालच्या मजल्यावर ओंकार राहतो. तो ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती, आणि सोसायटीत त्याने हे कोणालाच सांगितलेलं नाही.

टप्पा १: खोट्याचा हिशेब मांडा

वहीत चार रकाने आखा: माणूस, खरं काय, कागदावर काय, कोणाला किती माहीत. प्रत्येक मुख्य पात्राची एक ओळ.

वैशाली आणि मनालीच्या ओळीत कागदावर ‘मावसबहिणी’ असं येईल, कारण सोसायटीच्या भाडेकरू फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना असतो आणि तो कोरा सोडला की प्रश्न सुरू होतात. हे मी कल्पनेने लिहीत नाही. मी स्वतः एका फॉर्मवर तेच लिहिलं होतं. पुढे त्या मावशीला गाव द्यावं लागलं, आजार द्यावा लागला, एकदा तिच्या तब्येतीसाठी वॉचमनने देवळातून अंगारा आणला. खोटं बोलणं सोपं असतं, ते सांभाळणं जिकिरीचं. तुमच्या कथेत ही सांभाळणूक दिसली पाहिजे, कारण साथ आल्यावर पहिला तडा तिथेच जातो.

चौथ्या रकान्याला सर्वाधिक वेळ द्या. ‘कोणालाच माहीत नाही’ असं कधी नसतं. कामवाल्या ताईंना एकच गादी वापरात असल्याचं माहीत असतं. समोरच्या आजींना माहीत असतं, पण त्यांनी ते स्वतःलाही सांगितलेलं नसतं. सेक्रेटरी काकांना संशय आहे आणि भाडं वेळेवर येतंय तोवर त्यांचं काही म्हणणं नाही. माहीत असण्याच्या या पायऱ्या म्हणजे तुमच्या कथेतली दारूगोळ्याची कोठी.

सावध: कायदा आजचा वापरा. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खाली गुन्हा राहिलेले नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून तर भारतीय दंड संहिताच जाऊन तिथे भारतीय न्याय संहिता आली आहे. तरीही २०२५ सालात घडणाऱ्या कथांमध्ये हवालदार ‘तीनशे सत्त्याहत्तर लावीन’ म्हणून दम देताना मी वाचते. दम द्यायला त्याच्याकडे दुसरी कारणं भरपूर आहेत, त्यातलं एखादं शोधा. लग्नाचं मात्र वेगळं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे छावणीच्या गेटवर ‘फक्त नवरा-बायको आणि रक्ताचे नातेवाईक’ असा फलक लागला तर वैशाली-मनालीकडे दाखवायला एकही कागद नाही. हा फलक फार कामाचा आहे.

टप्पा २: रोगाचे पाच नियम

पाचच प्रश्न, पाचच उत्तरं. कशाने लागण होते? चावल्यापासून बदल व्हायला किती वेळ? ते कशाच्या मागे येतात, आवाजाच्या, वासाच्या की उजेडाच्या? ते कुजतात का? कसे थांबतात?

चौथ्या प्रश्नाकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. कोकणपट्टीच्या मे महिन्यात प्रेत दोन-तीन दिवसांत फुगतं. तुमचे झॉम्बी कुजत असतील तर जून उजाडेपर्यंत घणसोलीत चालायला कोण उरेल, हे सांगावं लागेल. आणि कुजत नसतील तर का नाही, याचं एक ओळीचं कारण स्वतःपुरतं तरी ठरवा. पावसाळा निवडलात तर पत्र्यावरच्या पावसात पावलं ऐकू येत नाहीत, तुमचीही आणि त्यांचीही.

पाच उत्तरं झाली की प्रत्येक उत्तर पहिल्या टप्प्यातल्या कोष्टकावर ठेवून बघा: या नियमामुळे कोणाचं काय उघडं पडतं? काहीच पडत नसेल तर नियम बदला. उदाहरणार्थ, लागण चाव्यातून होते आणि बदलायला सहा तास लागतात असं ठरवलं, तर प्रत्येक सोसायटी गेटवर कपडे उतरवून अंग तपासेल. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. ओंकार कोणत्या रांगेत उभा राहील? एवढ्या एका नियमातून अर्धी कथा निघाली.

सावध: चावा म्हणजे एचआयव्ही अशी सरळ उपमा करू नका. तिचा अर्थ असा निघतो की लागण झालेला माणूस म्हणजे चालतं प्रेत, आणि हे कानाला कितीही काव्यमय लागलं तरी खोटं आणि दुखावणारं आहे. कथेत एचआयव्हीसह जगणारं पात्र हवं असेल तर खऱ्या गोष्टी घ्या. रोज गोळी घेणाऱ्या आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही न उरलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि तुमच्या कथेत या गोळ्या देणाऱ्या सरकारी एआरटी केंद्राचा रस्ता आता बंद आहे. बाहेर सहा तासांचं घड्याळ, आत काही आठवड्यांचं. ओंकारचंही तसंच. त्याचं टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी संप्रेरकाचं) इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी घ्यावं लागतं. ते थांबलं तरी आवाज आणि दाढी राहते, पण काही काळाने पाळी परत येऊ शकते. ज्या छावणीत रक्ताच्या वासावरून झॉम्बी येतात तिथे याचा अर्थ काय, ते तुम्ही लिहा.

टप्पा ३: तीन किलोमीटरचा नकाशा

मोठा नकाशा घेऊ नका. ज्यांच्या कथेत नायक एका रात्रीत कासारवडवलीहून बेलापूरला पोहोचतो, त्यांनी तो रस्ता रिकाम्या रविवारीसुद्धा पायी धरलेला नसतो. तीन किलोमीटर पुरे.

नवी मुंबई या प्रकाराला विलक्षण सोयीची आहे, कारण ती एक पट्टा आहे. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मधोमध लोहमार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्ता. सुटायच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या: उत्तरेला विटावा-कळव्यावरून ठाणे, ऐरोली पुलावरून मुलुंड, वाशीच्या पुलावरून मानखुर्द, महापेहून डोंगर ओलांडून शिळफाटा, आणि दक्षिणेला बेलापूर-पनवेल. कोणती वाट कधी बंद होते ते वहीत लिहा. सगळ्या एकदम बंद केल्या तर पुढच्या पानांसाठी हातात काही राहत नाही.

सेक्टर आणि गावठाण यांतला फरकही वापरा. सेक्टरमध्ये सरळ रस्ते, कंपाउंड, गेट, वॉचमन. शेजारच्या गावठाणात घराला घर लागलेलं, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पाय टाकता येतो. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणजे लपायला जागा भरपूर आणि लपवायला अजिबात नाही.

ठाण्यात लिहीत असाल तर स्टेशनवरची गर्दी सोडून द्या. लोकलच्या डब्यात पहिला चावा, हे इतक्यांनी लिहून झालंय की वाचक डोळे मिटून पुढचं सांगतो. येऊरच्या पायथ्याच्या वस्त्या बघा. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, त्यात बिबटे, आणि बिबट्याला लागण होते की नाही हे लेखकाने ठरवेपर्यंत लोक अंगणात झोपायचे थांबलेले असतात.

आता खाडी. इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. एका कथेत मी दोघींना पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी साधून खारफुटीच्या चिखलातून पळवलं होतं. चांदणं, उघडा पडलेला चिखल, फार आवडला होता मला तो प्रसंग. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका कोळी वाचकाने मोजून एक वाक्य सांगितलं: “पुनवेच्या मध्यरात्री पाणी चढतं, मॅडम, उतरत नाही.” आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपास असते, आणि ती उधाणाची, म्हणजे मोठी. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतं. माझ्या दोन्ही नायिका त्या रात्री बुडाल्या असत्या.

तपासणी: कथेतला प्रत्येक रस्ता निदान एकदा पायी चाला. कुठे दम लागला, कुठे कुत्री भुंकली, कुठे पोटमाळ्यावरून कोणी बघत होतं, हे घरी येऊन लगेच लिहा.

टप्पा ४: काय कधी बंद पडतं

हा टप्पा थोडक्यात उरकता येतो, पण गाळू नका. वीज गेली की आधी लिफ्ट, मग काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या. सोसायटीचा पंप बंद, म्हणजे गच्चीवरच्या टाकीत आहे तेवढंच पाणी. बेताने वापरलं तर थोडे दिवस, नेहमीसारखं वापरलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळ कोरडा. नवी मुंबईला पाणी मोरबे धरणातून येतं, पण ते शुद्ध करायला आणि पोहोचवायला माणसं नि वीज लागतात. वैशालीला एपीएमसीची खडान्खडा माहिती असल्याने कांदे-बटाटे कुठे पडून आहेत हे तिला ठाऊक आहे. ते आणायला माथाडींची हातगाडी लागेल आणि तिच्या चाकांचा आवाज होतो.

हे सगळं तासांच्या हिशेबाने एका पानावर लिहा आणि भिंतीला चिकटवा. पाचव्या दिवशी फोन चार्ज करणारं पात्र सापडलं की वाचक कथा बंद करतो.

टप्पा ५: गेटचा प्रसंग सर्वांत आधी लिहा

कथा पहिल्या वाक्यापासून लिहायला बसू नका. आधी एकच प्रसंग लिहा: बाहेरून आलेल्या माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरवणारा. या प्रकारातली खरी भीती तिथेच असते. झॉम्बीला तुमच्याविषयी काही मत नसतं. सेक्रेटरी काकांना असतं.

आपल्या उदाहरणात मनाली रात्रपाळी करून चौथ्या दिवशी पहाटे परत आली आहे. गेटला कुलूप. काकांच्या हातात भाडेकरूंचं रजिस्टर. नियम ठरलाय: घरच्या माणसाने जबाबदारी घेतली, सही केली, तरच आत. ‘घरचं माणूस’ म्हणजे कोण, हे रजिस्टरच्या रकान्यावरून ठरणार. काका विचारतात, “मावसबहीण ना? मग मावशीचं नाव काय?” वैशालीने तीन वर्षांपूर्वी फॉर्मवर लिहिलेलं नाव तिला आठवत नाही.

इथे थांबा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. वैशाली खरं सांगून मनालीला आत आणू शकते का? खरं सांगितल्यावर दोघींनाही बाहेर काढतील का? आणि समोरच्या आजी, ज्यांना सगळं माहीत आहे, त्या त्या क्षणी काय करतील? तिसरा प्रश्न लेखक विसरतात. आजींनी खिडकी लावून घेतली तर एक कथा होते. आजींनी वरून ओरडून मावशीचं नाव सांगितलं, काहीतरी ठोकून दिलं, तर दुसरी. मला दुसरी आवडते, पण ती फार लवकर गोड होते. म्हणून आजींना त्याबदल्यात काहीतरी हवं असू द्या.

मग अंगतपासणी. हा प्रसंग दोनदा लिहा, एकदा गेटवर आणि एकदा घरात. गेटवर टॉर्चचा उजेड, पडद्याला बांधलेली चादर, दोन अनोळखी बायका, रांगेत पुढे ओंकार. घरात तीच दोन शरीरं, मेणबत्ती, पाठीवरचा ओळखीचा तीळ, ‘हात वर कर’, नखाखाली अडकलेली माती, आणि कानामागे एक ओरखडा, जो काल नव्हता. जवळीक आणि धास्ती एकाच हालचालीत येतात. वेगळा शृंगार लिहायला गेलात तर तो ठिगळासारखा दिसतो; तो इथेच, या तपासणीत, करून टाका.

सावध: ओंकारचं शरीर वाचकाला ‘धक्का’ म्हणून दाखवू नका. धक्का त्याला बघणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यांत असू द्या. छाती सपाट दिसावी म्हणून त्याने घट्ट बांधलेला बाइंडर चार दिवस काढलेला नाही, श्वास लागतोय, बरगड्या दुखताहेत, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं.

टप्पा ६: क्रियापदं

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात इथे असं हत्यार आहे जे बऱ्याच भाषांना नाही, आणि बहुतेक जण ते म्यानातच ठेवतात. आपल्या क्रियापदाला लिंग असतं.

ओंकार प्रथमपुरुषी बोलत असेल तर ‘मी गेलो’ म्हणताक्षणी त्याने स्वतःविषयी काही सांगितलं. शाळेतली मैत्रीण भेटली आणि तोंडातून ‘मी गेले’ निसटलं तर वेगळं काही सांगितलं. पण लपवायचं असेल तर भाषा लपवूही देते. ‘मी दार उघडलं’, ‘मी हाक मारली’, ‘मला दिसलं’, ‘मी जाईन’ यांत बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही. ‘म्हणालो’ किंवा ‘म्हणाले’ उघडं पाडतं, ‘म्हटलं’ नाही. ‘विसरलो’, ‘बोललो’, ‘शिकलो’ या क्रियापदांना मात्र जपा, ती दगा देतात. असं पात्र पानंच्या पानं अशा सावध वाक्यांत बोलू शकतं, आणि जिवावर बेतल्यावर पहिल्यांदा त्याचं क्रियापद उघडं पडू शकतं.

बाहेरूनही तसंच. सेक्रेटरी काका ‘तुम्ही कधी आलात?’ म्हणतात तोवर ओंकार सुरक्षित आहे. आदरार्थी ‘आलात’मध्ये काही फुटत नाही. मग टॉवर सुरू असलेल्या शेवटच्या तासात गावाहून आईचा फोन येतो, चुकून स्पीकरवर जातो, आणि रांगेतल्या चाळीस माणसांना ऐकू येतं: “अगं कुठे गेली होतीस?” त्यानंतर एकही झॉम्बी आणायची गरज नाही.

आता झॉम्बीचं व्याकरण. माणूस बदलल्यावर निवेदक त्याला काय म्हणतो? ‘बाबा आले.’ ‘बाबा आला.’ ‘ते आलं.’ तीन वाक्यांत बाप गेला. पात्र कोणत्या क्षणी नपुंसकलिंगावर उतरतं हे वहीत नोंदवा, आणि जो उतरायला तयार नाही त्याला शेवटपर्यंत ‘आले’ म्हणू द्या, दार तुटेपर्यंत.

सावध: हेच ‘ते’ आणि ‘आलं’ ट्रान्स आणि तृतीयपंथी माणसांना हिणवायलाही वापरतात. म्हणून निवेदनात झॉम्बीसाठी ते सहज वापरू नका. कोणीतरी पात्र ओंकारला ‘ते’ म्हणेल आणि दोनच पानांवर झॉम्बीलाही ‘ते’ म्हणेल, तर दोन्ही जागा तुम्ही ठरवून ठेवलेल्या असाव्यात. शिव्यांचंही तेच. त्या पात्रांच्या तोंडी, निवेदकाच्या नाही.

‘झॉम्बी’ हा शब्द पात्रांनी वापरावा का? मराठीत झोंबी म्हणजे झटापट, त्यामुळे लिहिताना ‘झॉम्बी’ असंच ठेवा. पण बोलण्यात माणसं दुसरे शब्द काढतात. सरकारी सूचनेत ‘बाधित’. सोसायटीच्या ग्रुपवर ‘गेट नं. २ जवळ एक आहे’. आजी म्हणतील ‘धरलेला’. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला की तो लेखकाचा आहे हे कळतं. तसंच ‘क्वीअर’ हा शब्द मनाली कदाचित वापरेल, वैशाली नाही. ती म्हणेल ‘आपलं’. ‘आपलं कळलं तर?’ एवढंच.

टप्पा ७: मरणाचा जमाखर्च

पहिला मसुदा झाला की वहीच्या मागच्या पानावर दोन याद्या करा: कोण मेलं, कोणासाठी मेलं. क्वीअर पात्रं दुसऱ्यांना वाचवायलाच मरत असतील, किंवा पहिल्या चुंबनानंतर पाच पानांत एकीला चावा होत असेल, तर तुम्ही नकळत जुनाच साचा वापरलाय. मारू नका असं मी म्हणत नाही, ही भयकथा आहे. फक्त त्यांचा मृत्यू त्यांच्या स्वतःच्या निर्णयातून किंवा चुकीतून येऊ द्या. वैशाली कांद्याच्या हातगाडीच्या हट्टापायी मरू शकते. तो हट्ट तिचा आहे.

तृतीयपंथी पात्रांबाबत आणखी एक. ऐरोलीच्या सिग्नलवरची गुरू आणि तिच्या चेल्या फक्त आशीर्वाद द्यायला किंवा बळी जायला येत असतील तर त्यांना काढून टाका. त्यांच्याकडे आधीपासून ठरलेली घरं आहेत, रक्ताच्या नात्यावर न चालणारी कुटुंबं आहेत, कोण कोणाची जबाबदारी हे पक्कं आहे. सोसायटीला गेटवर जो नियम बसवता येत नाहीये, तो त्यांनी कधीच बसवलाय. तिथून प्रसंग काढा.

टप्पा ८: दोन पेनांची तपासणी

मसुदा छापून घ्या, स्क्रीनवर हे होत नाही. लाल पेनाने प्रत्येक जागा खुणवा जिथे पात्र झॉम्बीमुळे घाबरलंय. निळ्याने जिथे ते माणसांमुळे घाबरलंय. सलग चार पानं नुसती लाल असतील तर तिथे नुसती पळापळ चालली आहे, अर्धी कापा. सलग चार पानं नुसती निळी असतील तर झॉम्बी कुठे गेले म्हणून वाचक विचारेल; जिन्यात एक सोडा.

मग ओंकारची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवा आणि फक्त क्रियापदं वाचत जा. एक जरी ‘गेले’ तुमच्याकडून चुकून पडलं असेल, पात्राकडून नव्हे, तर ते छापायला देण्याआधी सापडायला हवं, कारण मुद्रितशोधक ते ‘दुरुस्त’ करतात, आणि नेमकं उलटं करतात. माझ्या एका कथेत मी मुद्दाम ठेवलेलं ‘गेले’ त्यांनी बदलून ‘गेलो’ केलं होतं. हल्ली मी हस्तलिखितासोबत वेगळी चिठ्ठी जोडते: पान नऊ, ओळ चार, क्रियापद बदलू नये.